बेसबॉलमधली चीटिंग आणि तिचा हिशोब: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ते कचऱ्याच्या डब्याचं प्रकरण नक्की काय होतं, थोडक्यात सांग ना

२०१७ चा सीझन, टीम ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज. बेसबॉलमध्ये बॅटरच्या मागे बसलेला कॅचर पायांमध्ये बोटं दाखवून बॉल टाकणाऱ्या पिचरला सांगतो की आता कुठला बॉल टाक, फास्टबॉल की स्लायडर की कर्व्ह. अ‍ॅस्ट्रोजने काय केलं, आपल्या घरच्या ग्राउंडवर सेंटर फील्डमधला कॅमेरा कॅचरवर रोखला, त्याचं लाइव्ह फीड डगआउटच्या (टीम बसते त्या जागेच्या) मागच्या बोळात एका टीव्हीवर आणलं, तिथे कोणीतरी बसून खूण ओळखायचं आणि कर्व्ह किंवा स्लायडर येतोय असं दिसलं की बाजूच्या कचऱ्याच्या डब्यावर बॅट आपटायची. धाडकन आवाज आला म्हणजे स्लो, वळणारा बॉल. आवाज नाही म्हणजे फास्टबॉल. एवढीच टेक्नॉलॉजी! त्याआधी खुणांचा कोड फोडायला ऑफिसातल्या लोकांनी एक्सेलमध्ये प्रोग्रॅम बनवला होता तो भाग वेगळा, पण शेवटची डिलिव्हरी डब्यावरच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांच्याच जुन्या पिचरने, माइक फायर्सने, द अ‍ॅथलेटिक या क्रीडा वेबसाइटला नाव देऊन सगळं सांगितलं आणि भांडं फुटलं. डब्याच्या वर्षी, म्हणजे २०१७ ला, अ‍ॅस्ट्रोज पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज (चॅम्पियनशिपची फायनल) जिंकले होते, म्हणून एवढा गदारोळ.

पण खुणा चोरणं तर चालतं ना बेसबॉलमध्ये?

डोळ्याने चोरलं तर चालतं. सेकंड बेसवर उभ्या रनरला कॅचरची बोटं समोरच दिसतात, तो बॅटरला काहीतरी इशारा करतो, हे शंभर वर्षं चालू आहे आणि कोणी काही म्हणत नाही. कॅमेरा, फोन, घड्याळ असलं काही मध्ये आलं की नियमभंग. २०१७ लाच बोस्टन रेड सॉक्सला अ‍ॅपल वॉचवरून इशारे पाठवले म्हणून दंड झाला होता, त्यामुळे अ‍ॅस्ट्रोजला माहीत नव्हतं हे कोणी सांगू नये.

आधी कळून एवढा काय फरक पडतो, बॅट तर स्वतःच फिरवायची असते

पडतो, खूप पडतो. पिचर साडेसाठ फुटांवरून टाकतो, चांगला फास्टबॉल बॅटरपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात, त्यातला अर्धा वेळ निर्णयातच जातो. सगळी गंमत फसवण्यातच आहे. स्लायडर निघताना फास्टबॉलसारखाच दिसतो आणि शेवटी खाली-बाहेर पळतो, बॅटर हवेत बॅट फिरवतो, स्ट्राइक. आता तोच बॅटर आधीच जाणून आहे की हा पळणारा बॉल आहे, तर तो गप्प उभा राहील आणि बॉल स्ट्राइक झोनच्या (बॅटरने मारायला हवा त्या चौकटीच्या) बाहेर जाऊन "बॉल" मिळेल. आपल्याकडे बॅट्समनला बॉलर हात फिरवायच्या आधीच गुगली येतोय हे कळलं तर काय होईल, तसंच.

मोजायचं कसं ते इथे सुरू होतं, कारण बेसबॉलमध्ये प्रत्येक काउंटची किंमत काढलेली आहे. काउंट म्हणजे बॅटरचे आतापर्यंतचे बॉल आणि स्ट्राइक, चार बॉल झाले की त्याला फुकट बेस, तीन स्ट्राइक झाले की तो आउट, त्यालाच स्ट्राइकआउट म्हणतात. समजा काउंट १-१ आहे. वर सांगितलेल्या स्लायडरवर बॅटर फसला तर १-२, नाही फसला तर २-१. दोन्ही काउंटनंतर बॅटर सरासरी काय करतात हे लाखो बॉल्सच्या डेटावरून माहीत आहे आणि त्या दोन अवस्थांमधला फरक एक दशांश रनच्या आसपास येतो. ऐकायला चिल्लर वाटते, पण एका मॅचमध्ये एक टीम दीडशेच्या आसपास बॉल खेळते आणि सीझन १६२ मॅचचा असतो.

किती वेळा डबा वाजला हे कोणी मोजलं? एमएलबीने (म्हणजे मेजर लीग बेसबॉल, लीग चालवणाऱ्या संस्थेने)?

नाही! टोनी अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने, जो स्वतः अ‍ॅस्ट्रोजचा फॅन आणि पेशाने वेब डेव्हलपर. त्याने २०१७ च्या घरच्या ५८ मॅचेसचे व्हिडिओ घेतले, प्रत्येक बॉलच्या आधीच्या आवाजाचा ग्राफ बनवला आणि एकेक बॉल बसून ऐकला. ८,२७४ बॉल. त्यात १,१४३ वेळा डबा वाजलेला सापडला. जानेवारी २०२० मध्ये त्याने सगळा डेटा फुकट टाकून दिला आणि नंतर ज्यांनी ज्यांनी या विषयावर गणितं केली त्या बहुतेकांनी याच माणसाच्या कष्टांवर केली. स्वतःच्या लाडक्या टीमविरुद्धचा पुरावा असा कानात हेडफोन घालून गोळा करायचा, मानलं पाहिजे.

त्या डेटात टीम एकसारखी दिसत नाही हे महत्त्वाचं. मार्विन गोन्झालेझसाठी १४७ वेळा वाजलं, होजे अल्तुवेसाठी फक्त २४ वेळा, टोनी केम्पसाठी एकदाही नाही. त्यामुळे "अ‍ॅस्ट्रोजचे सगळे बॅटर" म्हणून एक सरासरी काढली की हिशोब पहिल्याच पायरीला गंडतो.

मग घरच्या ग्राउंडवर यांनी धो धो धावा काढल्या असणार

इथेच सगळ्यांची विकेट पडते. २०१७ ला अ‍ॅस्ट्रोजनी घरी ३९५ रन काढले आणि बाहेर ५०१. हो, उलटं वाचलं नाही तुम्ही. घरी ४८ मॅच जिंकले ३३ हरले, बाहेर ५३ जिंकले २८ हरले. डबा घरी, आणि बॅटिंग बाहेर चांगली.

म्हणजे फायदा झालाच नाही? उगाच बदनाम केलं?

थांबा, असा निष्कर्ष काढणारे पण घाई करतात, आणि हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे म्हणून जरा लांब उत्तर देतो.

पहिली गोष्ट, घर आणि बाहेर ही तुलनाच कच्ची आहे. ग्राउंड वेगळं, हवा वेगळी, समोरचे पिचर वेगळे, डबा सुरू झाला सीझनचे जवळपास दोन महिने उलटल्यावर, म्हणजे घरच्या सगळ्या मॅचेसमध्ये तो नव्हताच. आणि एक गंमत, ऑगस्टअखेरीस हार्वी वादळाने ह्यूस्टन बुडालं तेव्हा अ‍ॅस्ट्रोजच्या घरच्या तीन मॅचेस फ्लोरिडात ट्रॉपिकाना फील्डला झाल्या, पण रेकॉर्डमध्ये त्या "घरच्या" म्हणूनच मोजल्या जातात. डबा काय विमानाने नेला होता?

दुसरी गोष्ट, नशिबाचा आवाज डब्यापेक्षा मोठा असतो. ८१ मॅचेस म्हणजे ८१ वेळा नाणं उडवलं असं धरलं तरी साडेचार विजय इकडेतिकडे होणं अगदी नॉर्मल आहे, आणि दोन ८१-८१ चे गट एकमेकांशी लावले तर सहा-साडेसहाचा फरक काहीही कारण नसताना पडतो. ४८ आणि ५३ मधला पाचचा फरक त्यात आरामात बसतो.

आता फायदा किती मोठा असू शकतो ते बघा. मी फक्त उदाहरणासाठी आकडा धरतोय, समजा प्रत्येक वाजलेल्या बॉलमागे ०.०२ ते ०.०४ रन मिळाले. १,१४३ ने गुणा, २३ ते ४६ रन. बेसबॉलमध्ये ढोबळ नियम आहे की दहा रन म्हणजे एक विजय, म्हणजे झाले दोन ते साडेचार विजय. ही छोटी गोष्ट नाही, एवढ्या विजयांसाठी टीम्स एखाद्या खेळाडूला वर्षाला कोट्यवधी डॉलर देतात. पण सहाच्या आवाजात दोन-चारचा आवाज तुम्हाला कानाने ऐकू येणार आहे का? नाही येणार. म्हणून टोटल आकड्यात फायदा "दिसत नाही" याचा अर्थ फायदा "नाही" असा लावणं चूक, आणि दिसत नसताना "दहा मॅच चोरल्या" म्हणणंही तितकंच चूक. माझं मत विचाराल तर एकेका बॉलचा हिशोब मांडता येतो, पूर्ण सीझनचा अंदाजच राहतो, आणि ट्रॉफीचा हिशोब जो कोणी छातीठोकपणे सांगेल त्याच्यापासून लांब राहा.

आवाज नाही आला म्हणजे फास्टबॉल हे नक्की असायचं का?

नाही ना, आणि ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. शांतता म्हणजे फास्टबॉल, किंवा कोड फुटलाच नाही, किंवा सेकंड बेसवर रनर आल्यामुळे कॅचरने खुणा बदलल्या, किंवा टीव्हीसमोरचा माणूस उशिरा पोचला. बॅटरने शांततेवर विश्वास ठेवून फास्टबॉलच्या तयारीत बॅट फिरवली आणि निघाला चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा स्लो बॉल) तर तो नेहमीपेक्षा जास्त वाईट फसणार. म्हणजे वाजलेल्या बॉलवर फायदा, न वाजलेल्यांपैकी काहींवर तोटा. नुसते वाजलेले बॉल घेऊन हिशोब केला की फायदा फुगतो.

२०१७ ला त्यांचे स्ट्राइकआउट एकदम कमी झाले, तो तर पुरावा आहे ना?

बातम्यांचा आवडता आकडा. २०१६ ला अ‍ॅस्ट्रोजचे बॅटर १,४५२ वेळा स्ट्राइकआउट झाले, २०१७ ला १,०८७ वेळा, पूर्ण लीगमध्ये सगळ्यात कमी. पण मधल्या काळात टीमच बदलली होती, जेसन कॅस्ट्रो आणि कोल्बी रॅस्मससारखे भरपूर स्ट्राइकआउट होणारे गेले, आणि जॉश रेडिक, ब्रायन मॅकॅन, नोरी आओकी असे बॉलला बॅट लावणारे आले, यूली गुरिएल पूर्ण वर्ष खेळला. शिवाय बाहेरच्या ग्राउंडवरही ते कमीच स्ट्राइकआउट होत होते, तिथे कुठला डबा? मला वाटतं यात थोडा वाटा डब्याचा असेल, पण सगळा त्याच्या नावावर टाकणं म्हणजे हिशोब नव्हे, राग काढणं.

वर्ल्ड सिरीज तरी चोरलीच ना?

लोक दाखवतात तो आकडा असा की २०१७ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) घरी ८-१ आणि बाहेर ३-६. भयंकर दिसतं. आता जरा आत जाऊन बघा. या आठ विजयांतले चार यांकीजविरुद्धचे, स्कोअर २-१, २-१, ७-१ आणि ४-०. चार मॅचमध्ये यांकीजनी मिळून तीन रन काढले. तीन! पहिल्या दोन मॅचमध्ये तर अ‍ॅस्ट्रोजनी पण दोन-दोनच काढले, दुसऱ्या मॅचला जस्टिन व्हर्लँडरने पूर्ण नऊ इनिंग टाकून १३ स्ट्राइकआउट घेतले. समोरच्या टीमला तीन रनवर रोखायला तुमच्या डगआउटमागचा डबा काय कामाचा? ते पिचिंग होतं. हे प्रत्येकाने ८-१ म्हणायच्या आधी एकदा बघावं.

दुसऱ्या बाजूला वर्ल्ड सिरीजमधली डॉजर्सविरुद्धची पाचवी मॅच आहे, १३-१२ वाली, ती मला अजून खटकते. क्लेटन कर्शॉ म्हणजे त्या काळातला सगळ्यात भारी पिचर, त्याने त्या रात्री ५१ स्लायडर आणि कर्व्ह टाकले आणि फक्त एकदा बॅटरची बॅट हवेत फिरली. कर्शॉच्या स्लायडरवर हे होत नसतं. चार रनची लीड गेली. पण चाळीस हजारांच्या वर माणसं ओरडत असताना डबा ऐकू येत होता का? एमएलबीच्या रिपोर्टनुसार प्लेऑफमध्येही प्रकार चालू होता, रेकॉर्डिंगवरून मात्र सिद्ध करणं जवळपास अशक्य, अ‍ॅडम्सच्या डेटात प्लेऑफ नाहीच. आणि शेवटची, सातवी मॅच लॉस एंजेलिसला झाली, अ‍ॅस्ट्रोज ५-१ ने जिंकले, तिथे अ‍ॅस्ट्रोजचा डबा नव्हताच.

बरं, डबा नसता तर ते प्लेऑफला आलेच नसते का? आले असते. डिव्हिजन (लीगमधला त्यांचा पाच टीमचा गट) २१ मॅचच्या फरकाने जिंकली होती, चारपाच विजय काढून टाका, काही बदलत नाही.

अल्तुवेचा २०१७ चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब) यांकीजच्या आरन जजला द्यायला हवा होता का?

बॅटिंग अ‍ॅव्हरेज घरी .३११, बाहेर .३८१, आणि डबा फक्त २४ वेळा. अल्तुवेवर चिडायला दुसरी कारणं शोधा, टीमने केलेलं त्याला माहीत होतं हे कारण पुरेसं आहे, पण बॅटिंगचे आकडे याला साथ देत नाहीत.

तोटा कोणाचा झाला ते कोणी मोजतं का?

फार कमी, आणि खरा हिशोब तिथे आहे असं मला वाटतं. ४ ऑगस्ट २०१७, टोरोंटो ब्लू जेजविरुद्ध मॅच, अ‍ॅडम्सच्या यादीत सगळ्यात जास्त म्हणजे ५४ वेळा डबा वाजला तो हाच दिवस. माइक बोल्सिंगर नावाचा पिचर मध्येच आला, २९ बॉल टाकले, त्यातल्या १२ वर डबा वाजला. चार रन दिले आणि एकच बॅटर आउट करून बाहेर. टोरोंटो १६-७ ने हरलं, त्याला लगेच खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि तो पुन्हा कधीच मेजर लीगमध्ये टाकताना दिसला नाही. नंतर त्याने कोर्टात केस केली, ती चालली नाही. आता यात पण प्रामाणिक राहायचं तर त्याचा त्या सीझनचा रेकॉर्ड आधीच काही खास नव्हता, कदाचित तो तसाही बाहेर गेला असता. पण काठावर उभ्या माणसाला धक्का द्यायला जोर कमीच लागतो. टीमचे दोन-चार विजय सरासरीत विरघळतात, एका माणसाचे १२ बॉल विरघळत नाहीत.

आणि ग्राउंडवर पकडलं कोणी? सप्टेंबर २०१७ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या डॅनी फार्क्वारने. त्याला माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभं राहून आवाज ऐकू आला, पुढच्या वेळी पुन्हा आला, तो खाली उतरला, कॅचरला बोलावून खुणा बदलल्या. तो व्हिडिओ नक्की बघा, नुसत्या कानाने चीटिंग पकडली पठ्ठ्याने.

अ‍ॅस्ट्रोजचा मालक काय म्हणाला होता, खूप हसले होते लोक

१३ फेब्रुवारी २०२०, माफी मागायला बोलावलेली प्रेस कॉन्फरन्स. जिम क्रेन म्हणाला की आमच्या मते याचा खेळावर परिणाम झाला नाही. मिनिटभराने पत्रकाराने तेच विचारलं तर म्हणाला, परिणाम झाला नाही असं मी म्हणालोच नाही. एमएलबीचा प्रमुख, कमिशनर रॉब मॅनफ्रेड, त्याच्या रिपोर्टमध्येही साधारण हाच सूर होता की निकालांवर खरंच परिणाम झाला का ते ठरवणं अशक्य आहे, फक्त त्यांनी ते नीट लिहिलं होतं.

शिक्षा काय झाली आणि पुरली का?

५० लाख डॉलर दंड, जो नियमाने जास्तीत जास्त होता, २०२० आणि २०२१ चे पहिल्या-दुसऱ्या फेरीचे ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) गेले, जनरल मॅनेजर जेफ लुनाव आणि मॅनेजर ए. जे. हिंच एक वर्ष सस्पेंड आणि त्याच दिवशी मालकाने दोघांना काढलं. २०१७ ला अ‍ॅस्ट्रोजचा कोच असलेल्या अ‍ॅलेक्स कोराची बोस्टनची आणि तेव्हा खेळाडू असलेल्या कार्लोस बेल्ट्रानची मेट्सची मॅनेजरची नोकरी गेली, बेल्ट्रान तर तिथे एकही मॅच न चालवता गेला. खेळाडूंना काहीच नाही, कारण खरं बोललात तर शिक्षा नाही या अटीवर जबाब घेतले होते.

पुरली का? २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं अ‍ॅस्ट्रोज अमेरिकन लीगच्या फायनलला पोचले, २०२२ ला पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकले. तुम्हीच ठरवा. यात एक उलटा मुद्दाही आहे, २०१९ ला चीटिंग झाल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही आणि त्या वर्षी ते १०७ मॅच जिंकले, डब्याच्या वर्षी १०१. एवढी चांगली टीम असताना हे उद्योग केलेच का, याचं उत्तर कुठल्याच डेटात नाही.

आधी कधी झालंय असं?

१९५१, न्यूयॉर्क जायंट्स. पोलो ग्राउंड्सला सेंटर फील्डमागच्या क्लबहाउसमधून दुर्बीण लावून खुणा बघायचे आणि बझरने बुलपेनला (राखीव पिचर बसतात त्या जागेला) कळवायचे. ऑगस्टमध्ये डॉजर्सच्या साडेतेरा गेम मागे होते, शेवटच्या ४४ पैकी ३७ जिंकले आणि बॉबी थॉमसनच्या त्या प्रसिद्ध होमरनने (बॉल थेट ग्राउंडबाहेर मारून) डॉजर्सना हरवलं. दुर्बिणीचं सगळं नीट बाहेर आलं २००१ ला, पन्नास वर्षांनी. मजा म्हणजे तिथेही आकडे तपासले तर दुर्बीण आल्यावर घरची बॅटिंग उंचावली असं काही दिसत नाही. डब्यासारखीच गोष्ट.

स्टेरॉइडने किती होमरन वाढले?

याचं सरळ उत्तर कोणाकडे नाही, कारण कोणी कधी काय घेतलं याची यादीच नाही. स्टेरॉइडच्या चौकशीच्या २००७ च्या मिचेल रिपोर्टमध्ये ८९ नावं होती, पण ती सापडलेल्यांची, आणि पिचर पण घेत होते हे लोक विसरतात. बॅरी बाँड्सचे २००१ चे ७३ सगळ्यांना आठवतात. पण लीगचे आकडे बघा, २००० साली ५,६९३ होमरन, तो तेव्हाचा विक्रम. २०१४ ला ४,१८६. टेस्टिंग आलं, कमी झाले, बरोबर? मग तेच कडक टेस्टिंग चालू असताना २०१७ ला ६,१०५ आणि २०१९ ला ६,७७६ कसे झाले? बॉल बदलला, बॅटर उंच मारायला शिकले. नुसता बॉल जर असा खेळ करत असेल तर नव्वदच्या दशकातल्या वाढीतून स्टेरॉइडचा वाटा वेगळा कसा काढणार.

मग नीट मोजता आलेली एक तरी चीटिंग आहे का?

आहे, बॉलला चिकट पदार्थ लावण्याची. स्पायडर टॅक नावाचं एक चिकट प्रकरण आहे, ताकदीच्या स्पर्धांत मोठे दगड उचलणाऱ्यांसाठी बनवलेलं, ते पिचर बोटांना लावायचे, त्याने बॉल जास्त फिरतो. इथे तीन गोष्टी जुळून आल्या. प्रत्येक बॉलचा स्पिन कॅमेरे मोजतात, स्पिन दमल्याने किंवा नशिबाने फार बदलत नाही, आणि कारवाईची तारीख ठरलेली होती, २१ जून २०२१ पासून अंपायर हात तपासणार. स्पिन खाली आला, आणि कोणाचा किती ते पिचरवार दिसलं. तरी एक पेच होताच, कारवाईची कुणकुण जूनच्या सुरुवातीलाच लागली आणि लोकांनी २१ तारखेच्या आधीच हात धुवायला घेतले, म्हणून नुसतं "आधी आणि नंतर" केलं तर परिणाम कमी दिसतो. यांकीजच्या पिचरला, गेरिट कोलला, पत्रकाराने थेट विचारलं स्पायडर टॅक वापरलंस का, तेव्हा तो जो अडखळला तो क्लिप अजून फिरतो.

स्पिनचा परिणाम बॅटिंगवर किती, हे मात्र पुन्हा धूसर. सुरुवातीला लीगची बॅटिंग अ‍ॅव्हरेज .२३६ च्या आसपास होती, वर्षअखेर .२४४. पण उन्हाळ्यात हवा गरम झाली की बॅटिंग दरवर्षीच सुधारते.

मुद्दाम हरणाऱ्यांचं काय, ते तर आकड्यात पकडता येईल?

१९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ जणांवर पैसे घेऊन हरल्याचा ठपका आला आणि आयुष्यभर बंदी झाली. त्यातला शूलेस जो जॅक्सन त्या सिरीजमध्ये .३७५ ने खेळला, १२ हिट, जो तेव्हा वर्ल्ड सिरीजचा विक्रम होता. नुसता स्कोअरकार्ड दिला तर कोणी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही. यावरून काही म्हणतात तो निर्दोष होता, काही म्हणतात महत्त्वाच्या वेळी ढिला पडला. आठ मॅचच्या डेटावर दोन्ही बाजू हवं ते काढू शकतात.

आता खुणा चोरणं बंद झालं का?

कॅमेऱ्याने चोरण्याला फारसा अर्थ उरला नाही. २०२२ पासून पिचकॉम आलं, कॅचर मनगटावरचं बटण दाबतो आणि पिचरच्या टोपीत आवाज येतो, बोटं दाखवायची गरजच नाही. पिचर हातात बॉल कसा धरतो, ग्लव्ह किती उघडतो, यावरून ओळखणं चालू आहे आणि ते नियमात बसतं.